पेशींतील मोडतोड आणि एका संशोधकाची चिकाटी
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी मी 'विज्ञान आणि तरुण पिढी' अशा एखाद्या व्यापक विषयावर बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना होती. व्यापक विषयावर बोलणे फार सोयीचे असते. कारण त्यात निश्चित असे काहीच सांगावे लागत नाही. परंतु मी सारा जन्म महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविण्यात घालविला आणि एका वेळी एकच पदार्थ परीक्षानळीत घ्यावा, ही सवय अंगी मुरली. म्हणून आज मी एकच प्रश्न व एकच माणूस घेऊन आपणांपुढे उभा आहे. माणूस म्हणजे इस्राएल देशातील हैफा येथील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. अव्राम हेर्श्को; आणि प्रश्न असा की, आपल्या शरीरातील पेशी स्वतःच तयार केलेली प्रथिने स्वतःच मोडून टाकतात, त्या कशा आणि कोणत्या नियमाने?

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. आज गौरव होत असलेल्या विद्यार्थ्यांची यादी चिटणीसांनी मला आगाऊ दाखविली. तीत वैद्यक व अभियांत्रिकी या दोन शाखांची नावेच अधिक आहेत, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. परंतु वैद्यकाची पदवी हाती असलेला मुलगा किंवा मुलगी जर घरी येऊन म्हणाली की, "मला दवाखाना थाटावयाचा नाही, मला प्रयोगशाळेत जावयाचे आहे," तर त्या घरी चार दिवस चूल पेटत नाही, हे आपणही जाणता व मीही जाणतो. हेर्श्को हे वैद्यकाचेच पदवीधर. त्या पदवीनंतर त्यांनी जो मार्ग धरला तो कोणत्याही सामान्य आईबापास सहजी रुचेल असा नव्हता. तो मार्ग कोठून कोठे गेला, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

प्रथम मूळ प्रश्नाविषयी थोडे बोलतो. आपले स्नायू, रक्तातील हीमोग्लोबिन, पेशींतील सारी रासायनिक कामे करणारी एन्झाइमे, ही सर्व प्रथिने होत. अमिनो आम्लांचे मणी एका दोऱ्यात ओवावेत तशी त्यांची रचना असते. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, एकदा शरीर बांधून झाले म्हणजे त्यातील प्रथिने दगडी वाड्याप्रमाणे जागच्या जागी राहतात, आणि रोजचे अन्न हे केवळ एंजिनात घातलेल्या कोळशासारखे जळून जाते. या समजुतीला धक्का दिला रूडॉल्फ शोएनहाइमर यांनी. हे बर्लिनमध्ये जन्मलेले. १९३३ मध्ये जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तेथे हॅरोल्ड यूरी यांच्यामुळे त्यांस जड नायट्रोजन उपलब्ध झाला. हा नायट्रोजन घातलेली अमिनो आम्ले त्यांनी उंदरांना खाऊ घातली. जुनी समजूत खरी असती, तर तो नायट्रोजन जवळजवळ सगळाच्या सगळा मूत्रावाटे बाहेर पडावयास हवा होता. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून अधिक भाग उंदरांच्या शरीरातील प्रथिनांत जाऊन बसला, आणि उंदरांचे वजन तर वाढले नव्हते! म्हणजे जितक्या नव्या विटा आत गेल्या, तितक्या जुन्या निघाल्या असल्याच पाहिजेत. वाडा तोच दिसतो, विटा मात्र सारख्या बदलत असतात. शोएनहाइमर १९४१ मध्ये निवर्तले. त्यांचे विचार सांगणारे पुस्तक १९४२ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

इतका मोठा शोध लागल्यावर विटा काढतो कोण, याचा पाठपुरावा तत्काळ व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. १९५३ मध्ये डी.एन.ए.च्या रेणूची रचना उलगडली आणि साऱ्या बुद्धिमान तरुणांचा ओढा बांधणीकडे वळला. प्रथिने कशी घडतात, त्यांचा आराखडा कोठे लिहिलेला असतो, तो वाचला कसा जातो, यातच सगळ्यांना रस. मोडण्यात काय शास्त्र असणार, असाच एकंदर सूर होता. त्यात १९५५ मध्ये बेल्जियमचे क्रिस्तियां द द्यूव यांनी पेशीतील लायसोसोम ही वस्तू दाखवून दिली. ही एक सूक्ष्म पिशवी. तीत आम्लयुक्त द्रव व पाचक एन्झाइमे भरलेली. झाले! पेशीचे पोट सापडले. जुनी प्रथिने या पोटात जाऊन पचत असणार, असे म्हणून पुष्कळांनी हे प्रकरण दप्तरी दाखल करून टाकले.

परंतु दोन गोष्टी या उत्तरात बसत नव्हत्या. पहिली अशी की, सर्व प्रथिनांचे आयुष्य सारखे नसते. तांबड्या पेशीतील हीमोग्लोबिन ती पेशी जगेल तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, टिकते. उलट यकृतातील काही एन्झाइमे अशी की, त्यांचा निम्मा साठा काही मिनिटांत नाहीसा होतो. सर्वांना एकाच पिशवीत लोटले जात असेल, तर हा पंक्तिप्रपंच कसा? दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. १९५३ मध्येच सिम्प्सन यांनी यकृताच्या पातळ कापांवर प्रयोग करून असे दाखविले होते की, पेशीचा ऊर्जेचा पुरवठा बंद केला म्हणजे प्रथिनांची मोडणीही मंदावते.

यात चमत्कारिक ते काय, असे आपण विचाराल. बांधावयास खर्च लागतो, पाडावयास लागत नाही, हा रसायनशास्त्राचा साधा नियम आहे. आपण जेवलेल्या डाळीतील प्रथिने जठरात व आतड्यांत पचतात, तेव्हा ती फोडण्याच्या क्रियेत ऊर्जा खर्ची पडत नाही. साखळी तुटताना उलट थोडी ऊर्जा मोकळीच होते. मग जे काम आतड्यांत फुकट होते, त्याच कामासाठी पेशीने आपल्या तिजोरीतील चलन का खर्चावे? या चलनाला ए.टी.पी. म्हणतात; पेशीतील प्रत्येक व्यवहार त्यावर चालतो. निसर्ग उधळ्या नाही. तो जेथे पैसा मोजतो, तेथे काही तरी विकत घेत असलाच पाहिजे. काय विकत घेत होता, हे सुमारे पंचवीस वर्षे कोणाला सांगता आले नाही. आणि खरे सांगावयाचे तर फारसे कोणी विचारलेही नाही.

आता माणसाकडे वळू.

अव्राम हेर्श्को यांचा जन्म ३१ डिसेंबर १९३७ रोजी हंगेरीतील कार्त्साग या गावी एका ज्यू शिक्षकाच्या घरी झाला. १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरी व्यापल्यानंतर गावातील ज्यू कुटुंबांना घराबाहेर काढून सोल्नोक येथील साखर कारखान्याच्या आवारात डांबण्यात आले. तेथून सुटणाऱ्या काही आगगाड्या ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे गेल्या, काही ऑस्ट्रियाकडे गेल्या. आई, थोरला भाऊ आणि सहा वर्षांचा अव्राम ज्या गाडीत चढविले गेले, ती ऑस्ट्रियाला गेली. तेथे मोठ्या माणसांकडून शेतमजुरी करवून घेतली जाई. वडील त्यापूर्वीच सक्तीच्या मजुरीवर नेले गेले होते व पुढे रशियनांचे कैदी झाले; त्यांची व कुटुंबाची भेट युद्ध संपल्यानंतर काही काळाने झाली. १९५० मध्ये हे कुटुंब इस्राएलला जाऊन यरुशलेममध्ये स्थायिक झाले. या सर्व हकिगतीवर मी अधिक काही बोलत नाही. त्यांचे शास्त्रीय कार्य या दुःखाच्या आधारावर मोठे ठरावे असे नाही. ते स्वतःच्या बळावर उभे आहे.

१९५६ मध्ये ते यरुशलेमच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. थोरला भाऊही त्याच मार्गाने गेला होता. परंतु जीवरसायनाचा अभ्यास सुरू होताच त्यांचे मन तेथे गुंतले. मध्ये एक वर्ष त्यांनी याकोब मागर या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काढले. हे मागर म्हणजे एकाच वेळी अनेक विषयांवर बारकाईने काम करणारे विद्वान. १९६५ मध्ये पदवी मिळाली, नंतर सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा झाली, आणि ती पूर्ण होताच ते रुग्णालयाकडे न जाता पुन्हा मागर यांच्याकडेच गेले. १९६९ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे गॉर्डन टॉमकिन्स यांच्या हाताखाली काम करण्यास गेले.

टॉमकिन्स यांची प्रयोगशाळा त्या काळी गजबजलेली होती. उंदराच्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवावयाच्या, त्यांना एक विशिष्ट संप्रेरक द्यावयाचे आणि त्यामुळे टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज नावाचे एन्झाइम कसे भराभर निर्माण होते ते पाहावयाचे, हा तेथील मुख्य उद्योग. नव्या पाहुण्याने तेच काम उचलले असते, तर दोन वर्षांत चार निबंध पदरात पडले असते. हेर्श्को यांनी आजूबाजूला पाहिले. निर्मितीवर इतके लोक काम करीत आहेत, मग आपण त्याच एन्झाइमाच्या नाशाकडे का पाहू नये, असा विचार त्यांनी केला. त्यांनी पेशींतील ऊर्जानिर्मिती रोखून पाहिली. एन्झाइमाचा नाश थांबला. सिम्प्सन यांनी दाखविलेली ती जुनी, विसरलेली गोष्ट पुन्हा समोर उभी राहिली, आणि या वेळी तिच्याकडे पाहणारा माणूस तिला सोडून देणारा नव्हता. हा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रांनो, येथे थोडे थांबतो. लहान प्रयोगशाळेने आणि लहान देशाने जेथे मोठ्यांची गर्दी असेल तेथे शिरू नये. प्रश्न महत्त्वाचा असावा पण अजून कोणाच्या डोळ्यांत न भरलेला असावा, असे मत हेर्श्को यांनी पुढे तरुणांसमोर अनेकदा मांडले आहे. मत ऐकावयास सोपे आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. ती पुढील सहा-सात वर्षांत त्यांनी कशी मोजली पाहा.

सॅन फ्रान्सिस्कोहून ते हैफाच्या टेक्निऑन या संस्थेत आले. तेथील वैद्यकीय विद्यालय नुकतेच निघालेले; साधने बेताची, जागा अपुरी. त्यांच्यापुढची अडचण अशी होती. जिवंत पेशीच्या आत काय चालले आहे हे बाहेरून कळत नाही. यंत्र उघडून पाहावयाचे तर पेशी फोडून तिचा रस काढावा लागतो. परंतु पेशी फोडली की ए.टी.पी.वर चालणारी ही मोडणीच बंद पडे. एका पेशीवर करून पाहावे, जमत नाही. दुसरीवर करावे, जमत नाही. असली वर्षे कोणत्याही अहवालात छापण्याजोगी नसतात. आमच्या महाविद्यालयीन व्यवस्थेत तर अशा माणसाला तिसऱ्या वर्षी 'आपल्या कामाची प्रगती कळवावी' म्हणून कागद गेला असता.

वाट मोकळी झाली ती दुसऱ्याच्या कामाने. १९७७ मध्ये हार्वर्ड येथील आल्फ्रेड गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी एट्लिंगर यांनी सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा रस काढून त्यात ए.टी.पी.वर चालणारी मोडणी दाखवून दिली. या पेशींची निवड मोठी मार्मिक. पक्व होताना त्या आपली बहुतेक अंतर्गत सामग्री टाकून देतात, लायसोसोमही टाकून देतात. तरीही मोडणी चालूच असते, म्हणजे हे काम त्या पिशवीचे नव्हे, हे उघड झाले. हेर्श्को यांनी तत्काळ हीच पेशी हाती घेतली. आरोन चेखानोव्हर हा त्यांचा विद्यार्थी; तोही डॉक्टरकी शिकलेला, सैन्यात सेवा करून आलेला आणि दवाखान्याकडे पाठ फिरवून आलेला. एकाच प्रयोगशाळेत असे दोघे! हैफातल्या त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना मी करू शकतो.

आता जे सांगतो ते आमच्या भगिनींना लगेच उमजेल, कारण ते स्वयंपाकघरातले आहे. त्यांनी तो रक्तपेशींचा रस सेल्युलोजच्या एका स्तंभातून वाहू दिला. त्याचे दोन भाग झाले. जो चिकटला नाही तो पहिला, जो चिकटला व नंतर धुऊन काढला तो दुसरा. पहिल्या भागात मोडणी होईना, दुसऱ्यातही होईना. दोन्ही एकत्र केले की होई. म्हणजे पहिल्या भागात काही तरी आवश्यक वस्तू होती. परंतु तो भाग हीमोग्लोबिनने गच्च भरलेला, लाल भडक. त्यातून एक अज्ञात वस्तू निवडावयाची म्हणजे पोतेभर तांदळातून एक खडा वेचण्यासारखे. त्यांनी तो रस सरळ उकळला. अंडे उकळले की घट्ट होते, दूध नासले की चोथा व पाणी वेगळे होते. तसे हीमोग्लोबिन गोठून खाली बसले आणि वर निवळ उरली. ती निवळ दुसऱ्या भागात घातली, तो मोडणी सुरू! ती वस्तू उकळूनही जिवंत राहिली होती. उष्णतेने न बिघडणारे ते एक चिमुकले प्रथिन होते. १९७८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले व त्या प्रथिनाला ए.पी.एफ.-१ असे रुक्ष नाव दिले.

याच सुमारास हेर्श्को अभ्यासरजेवर फिलाडेल्फियातील फॉक्स चेस कर्करोग संशोधन केंद्रात आयर्विन रोझ यांच्याकडे जाऊन राहिले. रोझ हे एन्झाइमांच्या रसायनाचे फार खोल जाणकार. त्यांनी स्वतः याच प्रश्नावर पूर्वी प्रयत्न केले होते. परंतु छापण्याच्या योग्यतेचे काही हाती आले नाही म्हणून एक अक्षरही छापले नव्हते. अशी माणसे विरळा. हेर्श्को पुढेही वर्षानुवर्षे उन्हाळ्यात त्यांच्याकडे जात राहिले, आणि खरा उलगडा याच सहवासात झाला.

सर्वांची कल्पना अशी होती की, हे चिमुकले प्रथिन मोडणाऱ्या एन्झाइमाला जाऊन भेटत असेल व त्याला कामास लावीत असेल. त्यांनी त्याला किरणोत्सर्गी आयोडिनची खूण लावली व ते कोठे जाते ते पाहिले. ए.टी.पी. असताना ते मोठमोठ्या रेणूंना जाऊन चिकटे. आणि हे चिकटणे साधे नव्हे. आम्ल घातले, उकळले, तरी सुटेना. तो पक्का रासायनिक बंध होता. पुढे पाहतात तो काय, ते चिकटत होते मोडणाऱ्याला नव्हे, तर जे प्रथिन मोडावयाचे आहे त्यालाच! आणि एकाच प्रथिनावर एक नव्हे, अनेक. जंगलखात्याचे लोक तोडावयाच्या झाडावर आधी हातोड्याचा छाप मारतात. लाकूडतोड्या मागाहून येतो व छाप पाहून घाव घालतो. पेशीतही अगदी तशीच व्यवस्था आहे. १९८० मध्ये हे दोन निबंधांतून प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी रोझ यांच्या संस्थेतील विल्किन्सन, अर्बन व हास या तरुणांनी ओळख पटविली की, हे ए.पी.एफ.-१ म्हणजे ७६ अमिनो आम्लांचे एक जुनेच माहीत असलेले प्रथिन आहे. गिडियन गोल्डस्टीन यांनी ते १९७५ मध्ये वेगळे काढले होते व ते सर्वत्र आढळते म्हणून त्याला 'युबिक्विटिन' असे नाव दिले होते. पाच वर्षे ते नाव घेऊन पुस्तकांत पडून होते. ते पेशीत काय काम करते, हे मात्र समजलेले नव्हते.

यापुढील तपशील मी धावता सांगतो. हा छाप मारण्याचे काम तीन एन्झाइमे क्रमाने करतात, हे हेर्श्को, चेखानोव्हर व सहकाऱ्यांनी १९८३ पर्यंत सिद्ध केले. पहिले ए.टी.पी. खर्चून युबिक्विटिनला सज्ज करते, दुसरे ते वाहून नेते आणि तिसरे कोणत्या प्रथिनाला लावावयाचे ते ओळखते. या तिसऱ्या प्रकारची सहाशेहून अधिक एन्झाइमे मानवी पेशीत आहेत असे आज मानले जाते. प्रत्येकाची गिऱ्हाइके ठरलेली. छाप लागलेले प्रथिन मग 'प्रोटिअसोम' नावाच्या पिंपासारख्या पोकळ रचनेत ओढले जाते. त्या पिंपाच्या आत धार आहे, बाहेर नाही. म्हणून ज्याला छाप नाही त्याला इजा नाही. युबिक्विटिन स्वतः मात्र दारावरच काढून घेतले जाते व पुन्हा कामाला येते. हे यंत्र अनेकांनी मिळून उलगडले. हे सारे केवळ काचेच्या नळीतच घडते की जिवंत पेशीतही, ही शंका राहिली होती. ती १९८४ मध्ये अलेक्झांडर वार्शाव्स्की यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत चेखानोव्हर व डॅनियल फिन्ली यांच्यासह दूर केली. उंदराच्या एका सदोष पेशीत ते पहिले एन्झाइम उष्णतेने बिघडते. तापमान वाढविले की अल्पायुषी प्रथिनांची मोडणी जवळजवळ बंद पडते, असे त्यांनी दाखविले.

आता त्या मूळ कोड्याचे उत्तर आपल्याला देता येईल. ऊर्जा तोडण्यासाठी लागत नव्हती. निवडीसाठी लागत होती. कोणते ठेवावे, कोणते काढावे, आणि कोणत्या क्षणी काढावे, हा निर्णय पेशी विकत घेत होती. जठरात निवड नाही. जे येईल ते पचते, म्हणून तेथे खर्च नाही. मला तर या साऱ्या शास्त्रात याहून सुंदर हिशेब दुसरा आढळलेला नाही.

हा क्षण किती महत्त्वाचा असतो, हे हेर्श्को यांनीच पुढे दाखविले. १९८२ मध्ये टिम हंट यांनी समुद्रातील प्राण्यांच्या अंड्यांत सायक्लिन नावाचे प्रथिन शोधले होते. पेशीचे विभाजन होताना ते साठत जाते व ठराविक क्षणी अचानक नाहीसे होते. हेर्श्को उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत जाऊन शिंपल्यातील प्राण्यांच्या अंड्यांचा रस काढू लागले. सायक्लिनवर छाप मारणारा एन्झाइमांचा समूह त्यांनी १९९५ मध्ये वेगळा केला. त्याच वर्षी हार्वर्डच्या मार्क किर्श्नर यांच्या गटालाही तो स्वतंत्रपणे सापडला. तो छाप वेळेवर पडला नाही तर पेशीचे विभाजन अडून बसते. मोडणे हा घडण्याचाच एक भाग आहे, असे म्हणावयास आता कोणी कचरत नाही.

याचा आजाराशी संबंध काय, असे आमचे व्यवहारी सभासद विचारणारच, आणि विचारावे. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशातील स्त्रियांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो ज्या विषाणूमुळे होतो, त्याचे एक प्रथिन आपल्या पेशीतील एका पहारेकरी प्रथिनावर हा छाप चुकीने मारवून घेते व पहारेकऱ्याचा नाश घडविते; हे १९९० मध्ये उघड झाले. कंपवाताच्या एका आनुवंशिक प्रकारात छाप मारणारे एक एन्झाइमच बिघडलेले असते. त्याचे जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांना सापडले. आणि औषधाचे म्हणाल, तर ज्या गोल्डबर्ग यांचे नाव मी मघाशी घेतले, त्यांनी प्रोटिअसोम रोखणारी द्रव्ये शोधण्याचा उद्योग आरंभिला तो रोग्यांचे झिजणारे स्नायू वाचावेत म्हणून. झाले निराळेच. अस्थिमज्जेतील प्रतिद्रव्ये बनविणाऱ्या पेशींचा जो कर्करोग, ज्यास मल्टिपल मायलोमा म्हणतात, त्यावर ही द्रव्ये लागू पडली. त्या पेशी इतके प्रथिन तयार करतात की, त्यांचा कचरा उपसणे थांबले म्हणजे त्या त्यातच गुदमरतात. यातील बोर्टेझोमिब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आज ते आपल्या देशातही तयार होते व आपल्या शहरांतील रुग्णालयांत दिले जाते. १९७१ चा तो निबंध आणि २००३ चे हे औषध, यांमध्ये ३२ वर्षे गेली. गोल्डबर्ग २०२३ मध्ये निवर्तले.

२००४ मध्ये हेर्श्को, चेखानोव्हर व रोझ या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्राएलला विज्ञानासाठी मिळालेले हे पहिलेच नोबेल. वार्शाव्स्की यांचे नाव त्यात नव्हते, याची हळहळ पुष्कळांना वाटली, मलाही वाटते. रोझ २०१५ मध्ये वारले.

या निमित्ताने कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. त्याबद्दल मंडळाने राग मानू नये. आपल्या शिष्यवृत्ती-निधीचे नियम मी लक्षपूर्वक वाचले. शिष्यवृत्ती एका वर्षाची आणि ती पुढे चालू ठेवणे गुणपत्रिकेवर अवलंबून. हा नियम परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना योग्यच आहे. परंतु या नियमाने १९७२ ते १९७७ या काळातील हेर्श्को यांस दुसऱ्या वर्षी एक पैसाही मिळाला नसता. मूलभूत संशोधनाकडे वळणाऱ्या ज्ञातीतील एका तरी मुलासाठी वा मुलीसाठी निदान पाच वर्षांची तरतूद निधीतून वेगळी काढावी. तिला गुणपत्रिकेची अट नसावी. अट एवढीच असावी की, त्याने वर्षातून एकदा या मेळाव्यात येऊन आपण काय केले व काय जमले नाही, हे आपणां सर्वांना कळेल अशा मराठीत सांगावे. रक्कम फार मोठी नाही. गेल्या वर्षी सभागृहाच्या दर्शनी भागाच्या संगमरवरावर जो खर्च झाला, त्याच्या व्याजात हे सहज भागले असते, असा माझा अंदाज आहे. हिशेबतपासनीसांनी तो पडताळून पाहावा. आणि ज्या घरातून असा मुलगा निघेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांशी बोलण्याची पाळी आली, तर ते काम मी आनंदाने पत्करीन. माझ्या वयाच्या माणसाला घरातून कोणी हाकलून देत नाही.

हेर्श्को यांची एक गोष्ट सांगावयाची राहिली. नोबेल मिळाल्यावर बहुतेकांच्या वाट्याला समित्या, उद्घाटने व भाषणे येतात. हेर्श्को यांनीही त्यांतील थोडी पत्करली. परंतु तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते, आणि त्यानंतरही ते हैफाच्या त्याच प्रयोगशाळेत रोज जाऊन स्वतःच्या हाताने प्रयोग करीत राहिले. पेशीविभाजन नीट होत नसेल तर पेशी ते मध्येच कसे रोखून धरते, आणि अडचण दूर होताच तो अटकाव कसा उठवते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता, आणि त्यावरील निबंध नोबेलनंतरही अनेक वर्षे प्रसिद्ध होत राहिले.

चिटणीसांनी चिठ्ठी पाठविली आहे की, पारितोषिक-वितरणाची वेळ झाली. मुले मघापासून ताटकळली आहेत.